हळद वजा करून

खारघरला, तळमजल्यावर,
खिडकी मुद्दाम न ठेवलेल्या खोलीत माझी नोकरी:
कातडी जांभळ्या उजेडात किती चमकते ते मोजायचं.
सकाळी आधी स्वतःच्या मनगटावर प्रोब टेकवते.
नऊ येतात. कधी अकरा.
म्हणजे यंत्र ठीक आहे.

चांगुणाबाई घरत, वय एकोणसत्तर, ओवे गाव.
उजव्या भुवईवर रुपयाएवढा चट्टा,
चार वर्षं नायटा समजून चोळलेला.
तीन तासांपूर्वी सिस्टरनं मलम लावून वर पट्टी, वर फॉइल,
डब्यातल्या पोळीसारखी गुंडाळलेली.
मलमाला स्वतःचा रंग नाही.
बिघडलेल्या पेशी ते हावरटासारखं खातात
आणि त्याचं आतल्या आत काहीतरी लाल करून ठेवतात.
नुसत्या डोळ्यांना पत्ता लागत नाही,
जांभळा दिवा मात्र चुगली करतो.

मी दिवा लावला
आणि बाई सगळ्याच उजळल्या.
कानाच्या पाळ्या, मानेच्या वळ्या, नखांच्या कडा,
पाडाला आलेल्या आंब्यासारखं हिरवट पिवळं.
पडद्यावर त्या पिवळ्याचा मोठा डोंगर,
त्याच्या उतारावर माझं लाल शिखर
जेमतेम डोकं वर काढून.

काल काय लावलंत अंगाला?

"नातवाची हलद व्हती गो.
रातभर नाचलो. पोरींनी मना पन माखली.
साबनानं घासली, जात नाय.
कय वाईट झाला का?"

फॉर्मवर रकाने आहेत: वर्ण, मलमाची वेळ, खोलीचं तापमान.
हळदीला नाही.
डॉक्टर सोनटक्के फोनवर म्हणाले, शेजारची जागा मोज
आणि वजा कर, त्यात काय.
तसं मी घाम वजा केलाय, पावडर केलीय,
एकदा एका पोराची गोरं होण्याची क्रीम.

चट्ट्यापासून दोन बोटं लांब प्रोब ठेवला,
जिथे आजार नाही, नुसतं लग्न आहे.
दोनशे साठ.
चट्ट्यावर चारशे सत्तर.
उरले दोनशे दहा, ते आमचे.

मग तांबडा दिवा, सोळा मिनिटं.
इथे पुरुष खुर्चीचा हात उपटायला बघतात.
मी थंड पाण्याचा फवारा घेऊन उभी.
"मिठागरात पायाच्या भेगांत मीठ जायचा,
तवा कोन फवारा मारीत व्हता?"
नंतर दात आवळून त्या काहीतरी पुटपुटत राहिल्या.
देवाचं नाव का, मावशी?
"नाय गो, धवला. रातच्याला लगनात म्हनायचा हाय.
मधला इसरलंय, तो जुलवतंय."

नववं मिनिट, अकरावं.
मधला बहुतेक सापडला असावा,
कारण बोटं खुर्चीवर ताल धरायला लागली.

दिवा बंद. पुन्हा जांभळा. पुन्हा मोजणी.
बाकी सगळीकडे विझणं म्हणजे वाईट बातमी,
या खोलीत उलट आहे.
लाल जितकं जळून गेलं तितकं औषध लागू पडलं.
दोनशे दहाचे एकतीस.
शेजारी मात्र दोनशे साठ ते दोनशे साठच.
तांबड्या दिव्याला हळद दिसतच नाही.

दोन दिवस कपाळ झाकायचं, ऊन नको,
मांडवातले हॅलोजनसुद्धा नकोत, मी सांगितलं
आणि सांगताना खाली बघितलं.
त्यांनी पदर भुवईपर्यंत ओढून पाहिला.
"मंग चुलीकडं बसन. तिथून आवाज जातो मांडवात."
आणि माझा हात धरला, दोन्ही हातांनी,
आमंत्रण देतात तसा.

शेऱ्यात लिहिलं: पार्श्वभूमी जास्त, कारण हळद.
संगणकानं त्या ओळीखाली नागमोडी रेघ ओढली.

साडेसहाला, खोली बंद करायच्या आधी,
सवयीनं मनगटावर प्रोब टेकवला.
चौतीस.
यंत्र पुन्हा लावून बघितलं. चौतीस.
बेसिनपर्यंत गेले,
नळ न सोडताच परत आले.