पायऱ्यांचं वेबिल

गुहागर डेपोत एकतीस वर्षं कंडक्टर.
तिकिटं आणि रोकड जुळली नाही
तर फरक आपल्या खिशातून, हे अंगात मुरलेलं.
म्हणून सांगतो, हे घड्याळ माझ्या हाताखाली असतं
तर पहिल्याच आठवड्यात मेमो निघाला असता.

छातीत दोन स्प्रिंगा बसवल्यावर
चिपळूणचे डॉक्टर म्हणाले, रोज दहा मजले चढा.
मजले?
आमच्या वाडीत सगळ्यात उंच काय, तर पाण्याची टाकी.
भाचा सुजित घड्याळ बांधता बांधता म्हणाला,
मामा, दहा फूट वर गेलात की एक मजला.
त्याला हवेचा दाब कळतो.

तरीपासून घरापर्यंत जांभ्याच्या पायऱ्या दोनशे बारा.
माझ्या मोजलेल्या. दर पंचविसाला खडूची रेघ.
पायरी अर्ध्या फुटाची धरली
तर साडेदहा मजले, हिशोब सरळ आहे.
सोमवारी घड्याळ म्हणालं अकरा.
मंगळवारी नऊ.
बुधवारी फणसाखाली दोनदा दम खायला टेकलो
तर सहा,
जणू टेकलो ते चार मजले कुणी मधल्या स्टॉपवर उतरवून घेतले.
आणि उतरणं तर ते मोजतच नाही.
माझ्या गुडघ्यांना विचारा, उतरणं मोजायचं की नाही.

एकदा कुंदा पावसेच्या मनगटावर बांधून पाहिलं.
डोक्यावर पाटी, घड्याळाचा हात पाटीला.
दोनशे बारा पायऱ्या, मध्ये न थांबता;
थांबायचं तर पाटी उतरवायला माणूस लागतो.
ओट्यावर मीच पाटीला हात दिला आणि मनगट पाहिलं:
पावलं चौदा. मजले शून्य.
"मंग ह्ये बांगडं काय उडत आलं?"
फोनवर सुजित समजावत होता,
हात हलायला पाहिजे, हात हलला तरच त्याला चालणं कळतं.
"हात हालवला तर पाटी पडल, सांग त्याला,"
म्हणाली, आणि वाटे मांडायला बसली.

आश्विनात वादळ आलं त्या रात्री
कान दडपले होते, कुत्री चुलीमागे गेली होती,
आणि शमशुद्दीन होडेकरची होडी यायची होती.
मी पडवीत येरझाऱ्या घालत राहिलो.
कोब्याची जमीन, लेव्हलपट्टी लावून बघा, इंचाचा चढ नाही.
पहाटे मनगट थरथरलं.
काचेवर फुगे उडाले: अभिनंदन, सतरा मजले.
सुजित म्हणाला, दाब उतरला, त्याला वाटलं तुम्ही चढलात.
चूक आहे, मान्य.
पण सगळ्या महिन्यात तेवढ्या एका आकड्याखाली
मी सही केली असती.

शमशुद्दीन दुपारी आला, शर्टाशिवाय,
कुठल्याशा खाजणात रात्र काढून, चहा मागत.
त्याला सगळं सांगितलं, दोनशे बारासकट.
तो बशीत फुंकर मारत म्हणाला,
दोनशे बारा कधीच्या?
मी म्हटलं, कधीच्या म्हणजे?
तू मोजल्यास तेव्हा भांग असणार.
अमावास्येच्या सुकतीला खाली आणखी तीन निघतात,
शेवाळ धरलेल्या, आज्याच्या वेळच्या.
आणि उधाणाला वरच्या दहा बुडतात, त्या कशात धरतोस?

तेव्हापासून वहीत एक रकाना वाढवलाय: तिथी.
घड्याळ घालतो अजून, पैसे पडलेत सुजितचे.
संध्याकाळी पहिल्या रेघेच्या जरा खाली बसतो.
पाणी एकेक पायरी वर येतं,
पायरीवर रेंगाळतं, परत जातं, पुन्हा येतं,
हात न हलवता.
एकतीस वर्षांत असा प्रवासी नाही बघितला,
दिवसातून दोन फेऱ्या,
आणि एकदाही तिकीट मागायची हिंमत झाली नाही.
चप्पल भिजली की उठतो.