राजमा आदल्या रात्री भिजवायचा

एतेरीला इटलीला जायला एकोणीस दिवस उरले
तेव्हा तिनं तोर्निकेला स्वयंपाकघरात बोलावलं
आणि दार ओढून घेतलं.
दार कसलं, काचेचं, त्यातली एक काच फुटलेली.
तिथे मी पुठ्ठा लावलाय, कारखान्यातून आणलेला.
पुठ्ठ्याच्या अलीकडे मी,
झेस्ताफोनीच्या भट्टीवरून रात्रपाळी करून आलेला,
झोपलेला, असं दोघं समजत होते.

"आधी काडी, मग गॅस. उलटं केलंस तर भुवया जातील,
आणि भुवयांशिवाय तू शोभायचा नाहीस."
तो हसला. बारा वर्षांचा. आवाज फुटायला लागलाय,
हसू मध्येच घोगरं होतं.
"आणि वास आला तर?"
"खिडकी उघड. दिव्याच्या बटणाला हात लावू नकोस.
मग सरळ नानुलीकाकूंचं दार."

रोज एक धडा. कधी दोन, कधी नुसतं भांडण.
कॉलर आधी साबणानं घासायची.
भाजलं तर नळाखाली धरायचं, लोणी लावायचं नाही,
आजोबा काहीही सांगोत.
बाजारात चीजवाली चाखायला देते. चाखायचं,
पण लगेच हो म्हणायचं नाही,
शेजारच्या टपरीकडे एकदा बघायचं, नुसतं बघायचं.
विजेचं बिल चौकातल्या मशीनमध्ये,
पावती फ्रिजवर, चुंबकाखाली.
"हे सगळं बाबांना येतं?"
"बाबांना भट्टी पेटवता येते," ती म्हणाली.
मी कूस बदलली.

खरं सांगतो, चाळिशी उलटली
तरी मला माहीत नव्हतं की राजमा
आदल्या रात्री भिजवायचा असतो.
मला वाटायचं तो ताटात तसाच येतो,
मऊ, अक्रोड आणि कोथिंबीर घातलेला,
सात तारखेला पगार येतो तसा.
पुठ्ठ्यामागे मी पाठ करत होतो,
शाळेत कधी केलं नाही इतकं.

बटणाच्या दिवशी मात्र ती चिडली.
दोरा थुंकी लावून लावून लोळागोळा झालेला,
सुईचं नाक काही सापडेना.
"आई, तू आल्यावर लाव ना."
ती बोलली नाही. पुठ्ठ्यातून दिसत नाही,
पण नळ सोडल्याचा आवाज आला,
भांडी घासून झालेली असताना.
मग: "पुन्हा. आधी गाठ.
बटणाखाली काडी धर, म्हणजे दोऱ्याला ढील राहते.
फार घट्ट शिवलेलं तुटतं."

शेवटच्या आठवड्यात तिनं एक शब्द ठरवला.
कुणी म्हणालं, आईनं पाठवलंय, चल माझ्याबरोबर,
तर आधी तो शब्द विचारायचा.
इतक्या हळू सांगितला
की मला ऐकू आला नाही.

एप्रिलमध्ये ती गेली, कुताईसीहून बारीला.
तिथे एका म्हातारीला उठवते, न्हाऊ घालते,
दुपारी समुद्राकडे खुर्ची वळवून देते.
इथे स्वयंपाकघराचं दार उघडंच असतं.
"बाबा, आधी काडी!" तो ओरडतो.
मी मुद्दाम उलटं करतो असं त्याला वाटतं. वाटू दे.
परवा मी म्हणालो, मीठ शेवटी घाल,
नाहीतर राजमा दडस राहील.
त्यानं डाव थांबवला. "तुम्हाला कसं माहीत?"
मी पुठ्ठ्याकडे पाहिलं.
काच बसवायची राहूनच गेलीय.

आता थंडी पडलीय.
त्याच्या कोटाचं वरून दुसरं बटण नाही.
ते खिशात आहे, कागदात गुंडाळून, सुई-दोऱ्यासकट.
माझ्या कामाच्या डगल्याची तीन बटणं त्यानंच लावली,
काडी धरून, मोजून सहा टाके.
मी विचारलं नाही.
तो शब्दही अजून विचारलेला नाही.
सकाळी खिडकीतून बघतो,
पुलावर वारा सुटला की
तो कोट तिथे मुठीत धरतो
आणि दुसऱ्या हातानं दप्तर सावरत
शाळेपर्यंत जातो.