सहा मिनिटं

क्रिस्टियानसुंडचं इस्पितळ, तळमजला.
तीस मीटर कॉरिडॉर, दोन टोकांना दोन नारिंगी शंकू.
बोर्गहिल्ड चालते.

चाळीस वर्षं तिनं कॉड माशांना मीठ चोळलं,
पोरवयात तर खडकांवर वाळवले,
ढग दिसले की धावत गोळा केले.
आता चिमूटभरही वर्ज्य.
तरी पाय खाल्ल्या मिठाला जागतात:
संध्याकाळी मोज्यांचे वळ उठतात.

"दम लागू दे," फिजिओ इंगव्हिल सांगते,
"पण बोलता आलं पाहिजे."
म्हणून ती बोलते. बोटींची नावं,
मग नवऱ्याला
तो असताना न दिलेल्या शिव्या.
पाचव्या मिनिटाला भिंतीला टेकते.
घड्याळ टेकत नाही.

मागच्या महिन्यात दोनशे दहा मीटर.
आज दोनशे चौतीस.

चोवीस मीटर म्हणजे किती गं?
डोळे मिटून स्वतःच मोजते:
दारापासून टपालपेटीपर्यंत.

परत यायचं अजून बाकी आहे.