ओ

अबू नासरची कवळी मीच केली आहे,
वरची पूर्ण, खालची अर्धी.
ती बसवून घ्यायला आला त्या दिवशी
दिशदाशाच्या खिशातून त्यानं रुमाल काढला
आणि रुमालातून इंजिन.
लाल, जर्मन, माझ्या करंगळीपेक्षा जरासंच मोठं.
दोन रुळांत नऊ मिलिमीटर.

बंदरावर शिकलेल्या हिंदीत म्हणाला,
"दातात जागा करतेस ना,
याच्या पोटात कर."

या देशात रेल्वे नाही.
माझं माहेर कुर्डुवाडीचं,
तिथं रुळांचं कौतुक कुणालाच नाही.
हे त्याला सांगितलं नाही.

दुपारी दवाखाना बंद असतो, तेव्हा कवच नखानं उचललं.
आत नुसता धातू, वजनासाठी ठासलेला,
कारण हलकं इंजिन चढावर जागीच चाकं फिरवतं.
दात घासायचा तोच बर लावला
आणि कोरत गेले, फुंकर मारत, भिंग डोळ्याला,
नखाएवढा डिकोडर मावेल इतकंच.
जास्त कोरलं तर ओढ जाते,
कमी कोरलं तर झाकण बसत नाही.
हे मला कुणी शिकवायला नको.

तरी पहिला मी जाळला.
मोटरच्या ब्रशची पितळी जीभ
सांगाड्याला टेकलेली राहिली, केसभर,
आणि एक बारीकसा धूर निघाला, बारा दिनारांचा.
अबू नासर धूर विरेपर्यंत बघत राहिला.
मग म्हणाला, दुसरा आणलाय.

दुसऱ्या वेळी जिभेखाली पिवळी फिल्म, दुहेरी.
तांबडी तार उजव्या रुळाची, काळी डाव्या,
केशरी आणि करडी मोटरला,
पांढरी पुढच्या दिव्याला.
एक जांभळी उरली. तिचं काम मला माहीत नव्हतं,
टोक झाकून आत दुमडली.

कारखान्यातून येताना
प्रत्येकाचा पत्ता तीनच असतो.
रुळात वीज सगळ्यांना सारखी,
हाक मात्र ज्याच्या आकड्याची, तोच हलतो.
माझ्या ओळखपत्रावर बारा आकडे आहेत.
सात वर्षांत नावापेक्षा त्यांनाच
मी लवकर ओ द्यायला लागले आहे.

"कोणता आकडा देऊ?"
"चारशे सतरा."
विचारायच्या आतच जणू.
इंजिन त्यानं म्यूनिकला घेतलं होतं,
बायकोला तिकडे नेलं होतं तेव्हा,
इस्पितळासमोरच्या दुकानातून.
एवढंच बोलला होता, तेही मागे कधीतरी,
तोंडात साच्याची पेस्ट असताना.

आकडा लिहिला.
बसला की नाही, हे मग इंजिनालाच विचारावं लागतं.
त्याला तोंड नाही.
तोच आकडा असेल तर
मोटरला एक हिसका देतं,
डोळ्याला दिसेल न दिसेल, बोटाला कळेल असा.

मी म्हटलं, छतावर बोट ठेवा.
ठेवलं. नख पिवळं, कापलेलं.
"बोलता येत नाही," मी समजावत होते,
"पण ऐकतं सगळं. हो म्हणायचं असलं की..."
"ठाऊक आहे," तो म्हणाला. "एकदाच दाबायची."

त्याच्या हिंदीत लिंगं नेहमीच चुकतात.
मी दुरुस्त केलं नाही.

बाहेर तूझ उठली होती,
फहाहीलचा सगळा रस्ता चहाच्या रंगाचा.
प्लास्टरच्या दोन जबड्यांमधून
पस्तीस सेंटिमीटर रूळ, त्यावर ते गेलं
आणि आलं, दिवा लावून.
पावतीवर काय लिहू ते सुचेना.
लिहिलं: पोकळी एक, भरली.

पावती घडी करून खिशात ठेवली तरी तो उठेना.
पुन्हा विचार, म्हणाला.
विचारलं. बोट छतावर.
पुन्हा.
वाटीत पुढच्या पेशंटचं प्लास्टर घट्ट होत चाललं होतं,
होऊ दिलं.