एका तासाचा फरक

येर्को शिडीवर, दातांत प्लॅस्टिकची पट्टी,
खाली मी, मांडीवर लॅपटॉप, अंगात दोन स्वेटर.
पुंता अरेनासच्या या मासळी-कोठारात
थंडी कायम नोकरीत आहे, तिला रजा नाही.

फायरवॉल पाच वर्षं उंबऱ्यावर बसून.
कोण आलं, कोणाला हाकललं,
सगळं पोटात ठेवायची. पोट एवढंसं.
भरलं की जुनं पुसून त्यावरच नवं.
म्हणून आज हा दुसरा डबा आणलाय :
यानं कुणाला अडवायचं नाही,
नुसतं ऐकायचं आणि लिहून ठेवायचं.

पण आधी घड्याळं.
दाराचं यंत्र इथल्या वेळेवर,
फायरवॉल सान्तियागोच्या, वर सात मिनिटं पुढे,
कॅमेरा अजून एकोणीसशे सत्तरात.
एप्रिलमध्ये राजधानी काटा मागे घेते,
आम्ही घेत नाही.
हिवाळ्यात उजेड मुळातच चिमूटभर,
त्यातला तास कोण सोडेल?

मी वेळ सांगणारे चार सर्व्हर नेमले.
दोघंच असते आणि भांडले असते
तर खरं कोणाचं, हे कोण ठरवणार?
चौघांचं जुळलं. सगळ्या यंत्रांना ग्रीनिचची वेळ दिली.

तेव्हा येर्को खाली उतरला,
खिशातून चौघडी कागद काढला.
गेल्या जूनची चौकशी.
फायरवॉल : दोन चाळीस, गिऱ्हाइकांची यादी बाहेर गेली.
दार : नेल्दा ओयार्सो, दोन अडतीसला आत,
तीन पाचला बाहेर.
एवढ्यावर तिला काढलं होतं.
सही येर्कोची.

मी कागदाच्या कडेला मांडलं :
दोन चाळीस, अधिक एक तास, वजा सात.
तीन तेहेतीस.
दार तर तीन पाचलाच तिच्यामागे लागलं होतं.

वेळ आली होती, काळ आला नव्हता, म्हणतात.
इथे काळानं काहीच केलं नव्हतं,
वेळच खोटी होती.

बाहेर सामुद्रधुनीवरून वारा पत्रे उचकटत होता.
नव्या डब्यात पहिली ओळ पडली,
मग दुसरी, मग मोजायचं राहूनच गेलं.
येर्कोनं फोन लावला. बराच वेळ वाजला.
पलीकडून ती म्हणाली,
“इतक्या उशिरा?”

आणि त्यानं खरोखरच
मनगटावरच्या घड्याळात पाहिलं.