तिसऱ्या शनिवारचा अहवाल

विषय: पाणमांजरं.
वक्त्या: डॉ. आनासिता कुलासो.
उपस्थिती सतरा, त्यातले तिघे
नुसते पंख्याखाली बसायला आलेले;
आणि एक पाल, जी पडद्यावर
चित्रातल्या मिशांवरून
चिलटं टिपत राहिली शेवटपर्यंत.
तिची सही नाही.

बाईंनी सुरुवातीलाच सांगून टाकलं,
साडेसातची फेरीबोट चुकवून चालायचं नाही मला.
मग अकरा वर्षं पाऊण तासात बसवली:
इथल्याच, चोडणच्या खारफुटीत
गुडघाभर चिखल, डासांना रक्तदान,
आणि एकच कुटुंब, जे दिसलं
सगळं मिळून चार तास.
"बाकीचं मी त्यांच्या लेंड्यांवरून वाचलं," म्हणाल्या.
मागच्या रांगेत माजी पंच मोठ्यानं हसले.

तेव्हा त्यांनी पिशवीतून काढल्या
औषधाच्या चार बाटल्या, घट्ट बुचांच्या.
"फिरवा. उघडा. वास घ्या. लाजू नका."

मनोरमा टीचरनी आधी पदर नाकाशी नेला,
मग पदर सोडून बाटली.
सुका बांगडा, कुणी म्हणालं.
नव्हे, चहाची शिळी पत्ती.
पोस्टमास्तर सिनारींनी डोळे बारीक केले,
पाकिटावरचा पत्ता लागत नसावा तसे.

बाई सांगत होत्या:
बांधावरचा तो दगड म्हणजे त्यांचा सूचनाफलक.
कोण आलं, नर की मादी,
काल खेकडे मिळाले की नाही.
येणारं प्रत्येक पाणमांजर थांबतं, वाचतं,
आपली एक ओळ टाकून पुढं जातं.

बावीस वर्षं मी या वाचनालयाचा फलक लिहितो,
खडूनं, ठळक अक्षरात.
एवढं थांबून तो कुणी वाचल्याचं
मला आठवत नाही.

बाटली माझ्या हाती आली आणि वीज गेली.

अंधारात बूच काढलं,
तर बाबा आले.
ओहोटीची रात्र मानशीवर काढून
पहाटे यायचे तसे,
खांद्यावर ते गोणपाट
जे आईनं उंबऱ्याच्या आत कधी घेतलं नाही.
जाळं फाडलं म्हणून उदांना शिव्या घालत,
पावणीचे पैसे आता भरायचे कुठून म्हणत.
आणि रात्रभर बसायचे कुठं, ते आज कळतंय:
नेमके त्याच दगडावर,
त्यांच्या टपालावर गोणपाट अंथरून.

मग त्यांनीही वाचलंच असेल की बाबांना.
बिडी. पेज. खोकला.
नर. एकटा. रोज येतो.
आणि एका पावसाळ्यानंतर
येत नाही.

वीज आली. प्रश्नोत्तरं झाली.
पंचांनी विचारलं, माणसाला चावतात का.
चौथीतल्या तन्वेशनं विचारलं,
पाऊस पडून सगळं धुऊन गेलं तर?
"मग परत हगायचं," बाई म्हणाल्या,
आणि सभागृह पहिल्यांदाच जागं झालं.

आभार मी मानले. शाल राहिली, नारळ दिला.
धक्क्यावर बोटीचा भोंगा वाजला तशी
बाईंनी हाताला लागेल ते पिशवीत कोंबलं,
मोजलं नाही.

व्याख्यान उद्बोधक झालं. चहा सतरा.
बाटल्या फिरवल्या चार, परत तीन.
चौथीचा शोध चालू आहे,
असं मी सुवाच्य अक्षरात लिहिलंय.

माझ्या टेबलाचा खालचा खण
फुगलाय दमट हवेनं.
जोर लावल्याशिवाय उघडत नाही,
आणि जोर लावायला इथं
दुसरं कोणी नसतं.