कुणाचा भोंगा?

मातोझिन्योशला तेव्हा गल्लोगल्ली मासळीचे कारखाने,
आणि प्रत्येकाचा भोंगा वेगळा.
एक रेड्यासारखा हंबरायचा, आजी सांगते,
एक फुटक्या पाव्यासारखा,
तिचा मात्र दोनदा छोटा, एकदा लांब,
शेवटी घसा बसल्यासारखा.

होड्या रात्री कधीही लागायच्या.
तारलीला घड्याळ कळत नाही.
भोंगा झाला की डोक्याला फडकं,
पायात लाकडी तळाचे जोडे,
आणि अंधारातून बायकाच बायका, ठकठक ठकठक.
मासा आला तर मजुरी,
नाही आला तर घरी जाऊन झोपा.
याला आता फ्रीलान्स म्हणतात, आजी, मी म्हणते.
काय म्हणतात ते राहू दे, ती म्हणते,
देतात किती?

मी एकतीस वर्षांची, तिच्या मागच्या खोलीत राहते,
कारण पोर्तोतल्या खोलीचं भाडं
माझ्या कमाईपेक्षा तीस युरोनं जास्त.
या वयात तिला चार मुलं होती,
पैकी एक पुरलेलं.
माझ्याकडे तीन कुंड्या आहेत, त्यातली एक मेली,
असं मी एकदा गमतीत बोलून गेले.
ती हसली नाही.
दुसऱ्या दिवशी त्या मेलेल्या कुंडीला
पाणी घालताना दिसली.

आजोबा गेले तेव्हा तिनं काळं नेसलं,
त्याला चौतीस वर्षं झाली.
मी पेद्रूला सोडलं तेव्हा केस निळे केले.
तिनं चष्मा लावून नीट बघितलं,
विचारलं, हे कुणाचं सुतक?

आता रेनातो आहे.
शेजारच्या झुल्मिराला तिनं सांगून टाकलंय,
भाडेकरू आहे, शांत मुलगा आहे.
खोली एक, पलंग एक, भाडेकरू एक.
पण रविवारी माशाचा मधला तुकडा
ती त्याच भाडेकरूसाठी झाकून ठेवते,
मला शेपटीकडचा.

तिच्या कारखान्याच्या जागी आता फ्लॅट झालेत,
खाली एक दुकान, आत जत्रेसारखे दिवे.
तिथं तारलीच्या डब्यावर जन्मसाल छापून मिळतं.
मी १९४४चा आणला. बारा युरो.
सालाकडे तिनं बघितलंसुद्धा नाही.
काट्यानं एक मासा उचलून धरला, प्रकाशात,
आणि म्हणाली, कात्री बोथट होती.
शेपट्या बघ कशा चावल्यासारख्या.
मग सगळा खाल्ला.
तेल पावानं पुसून घेतलं,
डबा धुऊन खिडकीत ठेवला,
साल भिंतीकडे करून.

परवा रात्री अडीचला माझा फोन थरथरला.
कॅलिफोर्नियात कुणीतरी जागा होता,
त्याला एका बटणाचा हिरवा रंग
आणखी जरा हिरवा हवा होता.
मी उठले, तर पॅसेजात आजी,
डोक्याला फडकं बांधून तयार,
अनवाणी पायानं
कधीच फेकून दिलेले जोडे चाचपडत.

कुणाचा भोंगा? तिनं विचारलं.
आजी, झोप, म्हणणार होते.
म्हणाले, माझा.
मासा आला?
आला. थोडाच आहे.
मग चल, उभी काय राहिलीस,
उशीर झाला की दार लावून घेतात.

स्वयंपाकघरात ती माझ्या शेजारी बसली.
सातूची कॉफी केली, दोघींना एक पेला.
पडद्यावरचं बटण हिरवं होतं,
ते थोडं जास्त हिरवं झालं.

एवढंच?
एवढंच.
आणि यासाठी रात्री उठवतात?
तुलाही उठवायचे.
आम्ही शंभर जणी असायचो, ती म्हणाली,
कुणीतरी गाणं तरी म्हणायचं.

मग हाताला वास नाही लागत? तिनं विचारलं,
आणि माझा हात ओढून नाकाशी नेला,
बराच वेळ हुंगत राहिली.

लसूण, ती शेवटी म्हणाली, जरा समाधानानं.
आणि भाडेकरूची झोपमोड नको म्हणून
दिवा तिनंच मालवला.